डेटाची उचल आणि रात्री बाराचा वेग

या महिन्याच्या टपालातील बरीचशी पत्रे मोबाइल डेटाच्या हिशेबाविषयी आहेत. आपण नेट वापरत असतो तेव्हा टॉवरच्या पलीकडे, कंपनीच्या मुख्य यंत्रणेत, दोन प्रश्न सतत विचारले जात असतात : या ग्राहकाला काय आणि किती वेगाने द्यायचे, आणि ते त्याच्या कोणत्या खात्यातून वळते करायचे. पहिल्याला धोरण म्हणतात, दुसऱ्याला आकारणी. दोन्हींची उत्तरे देणाऱ्या खिडक्या वेगवेगळ्या आहेत. पत्रांतील बरीच कोडी हा वेगळेपणा बाहेरून दिसत नसल्यामुळेच पडली आहेत, त्यामुळे उत्तरांत या दोन खिडक्यांचा उल्लेख वारंवार येईल.

प्रश्न : माझा रोज दीड जीबीचा पॅक आहे. परवा दुपारी चारच्या सुमारास कोटा पूर्ण संपल्याचा संदेश आला, पण फोनच्या सेटिंगमध्ये त्या दिवसाचा वापर १.३६ जीबीच दिसत होता. असे दोन-तीनदा झाले. कंपनी मधल्या मध्ये डेटा खाते, असे आमच्या घरी सगळ्यांचे ठाम मत आहे. आपले काय मत आहे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : चोरीचा संशय घेण्याआधी माप तपासू. एक जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४ एमबी, याबाबत फोनचे आणि कंपनीचे एकमत असेलच असे नाही. कंपनीने दीड जीबी म्हणजे दीड अब्ज बाइट धरले आणि आपला फोन १०२४ च्या पटीने मोजत असला, तर तोच दीड जीबी फोनच्या पडद्यावर १.४० जीबी दिसेल. तसे असल्यास तफावतीचा मोठा भाग इथेच मिटतो. कंपनी कोणते माप धरते ते पॅकच्या अटींत पाहावे.

उरलेल्या ०.०४ जीबीसाठी मोजणी कुठे होते ते पाहावे लागेल. आपल्या गावच्या टॉवरवर कोणीही बाइट मोजत नाही. मोजणी होते ती दूरच्या एखाद्या शहरातील गेटवेवर, जिथून आपली वाहतूक इंटरनेटच्या महामार्गाला लागते. तिथून निघालेले पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, टॉवरपर्यंतच्या वाटेत किंवा टॉवरवरच्या रांगेत गळाले, तरी गेटवेच्या वहीत त्याची नोंद झालेली असते. समोरच्या सर्व्हरने तेच पॅकेट पुन्हा पाठवले की दुसऱ्यांदा होते. फोन मात्र हाती पडलेलेच मोजतो. रेंज कमी-जास्त होणाऱ्या जागी, विशेषतः घाटातून एसटीने प्रवास करताना, ही गळती वाढते. मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेलाही हा अन्याय दिसला होता. फोन सापडत नाही आणि पॅकेटे वाटेतच टाकून द्यावी लागत आहेत, असे मधल्या गेटवेच्या लक्षात आले, तर तो मोजणी करणाऱ्या मुख्य गेटवेला ‘आकारणी थांबव’ असे कळवू शकतो, अशी सोय मानकात आहे. ती वापरायची की नाही, हे मात्र कंपनीच्या हाती असते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या खात्यात किती डेटा शिल्लक आहे, हे गेटवेला ठाऊक नसते. ती शिल्लक सांभाळतो ओसीएस नावाचा आकारणी सर्व्हर, आणि गेटवे त्याच्याकडून थोडी थोडी उचल घेत असतो. मुकादमाकडून ऊसतोड टोळी घेते तशी. फरक इतकाच की इथे न वापरलेली उचल मुकाट्याने खात्यावर परत जमा होते आणि कोणी तगादा लावत नाही. समजा एका उचलीत ५० एमबी मिळाले, म्हणजे ५,२४,२८,८०० बाइट. त्यातले ८० टक्के संपताच गेटवे ओसीएसला संदेश धाडतो : रेटिंग ग्रुप (एका दराने आकारायच्या वाहतुकीचा गट) १०, वापरले ४,१९,४३,०४० बाइट, आणखी हवेत. ओसीएस तेवढे खात्यातून वजा करतो, नवी उचल मंजूर करतो आणि उत्तरावर २००१ हा आकडा घालतो. या भाषेत २००१ म्हणजे ‘काम झाले’. शिल्लक पुरेशी नसेल तर येतो ४०१२, म्हणजे ‘पत संपली’. उचलीला मुदतही असते. तेवढ्या वेळात वापर झाला नाही, तरी गेटवेला हिशेब घेऊन जावेच लागते.

आपण शिल्लक तपासता त्या क्षणी एखादी उचल गेटवेच्या हाती, अर्धी वापरलेली, असू शकते. काही कंपन्यांच्या प्रणालीत ही हातातली उचल आधीच वजा करून शिल्लक दाखवली जाते, त्यामुळे आकडा खऱ्या वापराच्या थोडा पुढे पळतो आणि सत्र, म्हणजे फोनची नेटशी चालू असलेली जोडणी, संपून हिशेब मिटला की मागे येतो. उचल लहान केली तर हा फरक कमी होईल, पण फेऱ्या वाढतील. दीड जीबीचे ५०-५० एमबीचे तुकडे केले तर एका ग्राहकामागे दिवसाला तीस फेऱ्या होतात. एक कोटी ग्राहक धरले तर तीस कोटी, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याहून पुष्कळ जास्त. उलट उचल फार मोठी ठेवली, तर शंभर एमबी उरलेल्या माणसाचा सगळा डेटा एकाच सेवेसाठी अडकून पडतो. उचलीचा आकार ठरवणे हे या क्षेत्रातले सर्वांत कमी चर्चा होणारे आणि ग्राहकाला सर्वांत जास्त जाणवणारे काम आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा आपल्या १.३६ जीबीमागे चोरीच आहे, असे या आकड्यावरून म्हणता येत नाही. पण तफावत रोज शंभर-दोनशे एमबीची आणि माप एकच असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे सत्रवार तपशील मागावा, तक्रार क्रमांक घ्यावा, आणि उत्तर न पटल्यास त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जावे. नुसत्या फोनवरच्या बोलण्याने काही होत नाही, तपशील लेखी मागावा.

प्रश्न : मी रात्रपाळीला असतो. दिवसाचा कोटा संपला की वेग मरतो, तो बाराला परत यायला हवा. कधी कधी बारा वाजून दहा मिनिटे झाली तरी व्हिडिओ रडतखडतच चालतो. पण फोन विमान मोडवर टाकून परत आणला की लगेच धावू लागतो. ही काय जादू आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि उत्तर दोन खिडक्यांतच आहे. आपला कोटा बारा वाजता नवा झालेला असतो, पण तो आकारणीच्या खिडकीत. वेग ठरवणारी खिडकी दुसरी. तिचे नाव पीसीआरएफ. फोन नेटला जोडला गेला की गेटवे सर्वप्रथम या सर्व्हरला विचारतो. ग्राहक कोण, कोणते सिम, ४जी आहे की ३जी, कुठे आहे, हे सांगतो आणि नियम मागून घेतो. कमाल वेग किती, कोणत्या वाहतुकीला कोणती प्राथमिकता, हे सगळे त्या नियमांत येते. या दोघांमधल्या मार्गाला जीएक्स म्हणतात, आणि गेटवे व ओसीएस यांच्यातल्या मार्गाला जीवाय.

कोटा संपल्यावर नेट बंद न करता वेग कमी करायचा असेल, तर आकारणीने धोरणाला कळवावे लागते. त्यासाठी एसवाय नावाचा तिसरा मार्ग आहे. ओसीएस त्यावरून रुपये-पैसे किंवा बाइट सांगत नाही. फक्त ‘या ग्राहकाचा अमुक गणक (वापर मोजणारा काटा) आता “संपला” या स्थितीत गेला’ एवढेच सांगतो. त्यावर पीसीआरएफ नवा नियम तयार करतो आणि आपण होऊन गेटवेकडे पाठवतो. आपल्याकडे हा वेग सहसा ६४ केबीपीएस असतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. दोन एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांहून जास्त वेळ.

आता बाराचा ठोका पडल्यावर हीच साखळी उलट्या दिशेने चालावी लागते : ओसीएसने ‘गणक पूर्ववत’ म्हणून पीसीआरएफला सांगायचे, पीसीआरएफने गेटवेला, गेटवेने टॉवरपर्यंतच्या मधल्या यंत्रांना. आणि हे फक्त आपल्यासाठी नाही, त्या दिवशी कोटा संपलेल्या आणि त्या क्षणी नेटवर असलेल्या प्रत्येकासाठी, एकाच मिनिटात. एका कंपनीच्या नियंत्रण कक्षात मी काही काळ रात्रपाळी केली आहे. संदेशांच्या संख्येचा आलेख साडेअकरानंतर खाली उतरू लागायचा, आणि बरोबर बाराला त्याला हरिश्चंद्रगडाच्या कड्यासारखा सुळका फुटायचा. पलीकडचा सर्व्हर गुदमरला की तो ३००४ हे उत्तर देतो, म्हणजे ‘सध्या फार कामात आहे’. मग विचारणारा थोड्या वेळाने पुन्हा विचारतो, दुसराही विचारतो, तिसराही, आणि गर्दी ओसरण्याऐवजी वाढत जाते. या चक्रावर उपाय म्हणून ‘माझ्यावर ताण आहे, इतके टक्के संदेश कमी करा’ असे सर्व्हरने स्वतःच सांगण्याची पद्धत २०१५ मध्ये प्रमाणित झाली.

त्याआधीचा आणि अधिक साधा उपाय म्हणजे गर्दीच होऊ न देणे. गेटवेने नियम पुन्हा विचारायला कधी यावे, ही वेळ पीसीआरएफ आधीच देऊन ठेवू शकतो. ती सगळ्यांना १२.०० अशी न देता कोणाला १२.०२, कोणाला १२.०९ अशी विखुरून देतात. आपली दहा मिनिटे बहुधा या विखुरण्यात जात असावीत. ओसीएसलाही ‘हा गणक आज रात्री बाराला बदलणार आहे’ असे पीसीआरएफला संध्याकाळीच सांगून ठेवता येते. आकारणीच्या मार्गावर तर याहून सुंदर युक्ती आहे. दर अमुक वेळी बदलणार, हे उचलीबरोबरच कळवले जाते. मग त्या क्षणी कोणी कोणाला काही विचारत नाही, गेटवे आपल्याच वहीत रेघ मारून आधीचे बाइट वेगळे आणि नंतरचे वेगळे लिहितो, आणि पुढच्या फेरीला दोन्ही आकडे एकदमच देतो. किराणा दुकानदार महिनाअखेरीला उधारीच्या वहीत रेघ ओढतो, तसेच हे.

विमान मोडची जादू आता सांगायची गरज नाही म्हणा, तरी सांगतो. फोन नेटवर्कमधून बाहेर पडला की गेटवे दोन्ही खिडक्यांवर सत्र बंद करतो. परत आला की नवे सत्र सुरू होते, नियम नव्याने मागितला जातो, आणि बारानंतर मागितलेला नियम पूर्ण वेगाचाच मिळतो. आपण रांगेतून उठून दुसऱ्या दाराने आत आलात, इतकेच. ही युक्ती सगळ्यांनीच बाराला वापरली, तर मात्र त्या सुळक्याचे काय होईल, याचा विचार करून मला आजही धडकी भरते.

प्रश्न : माझा डेटा संपलेला असतो तेव्हाही फोनवर बोलणे व्यवस्थित होते. मुलगा म्हणतो की ४जीवर आवाजही डेटासारखाच जातो. मग डेटा शून्य असताना आवाज कशातून जातो? आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल तेवढा का तुटतो?
— टपाल खात्यातील एक सेवानिवृत्त कर्मचारी, रत्नागिरी

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. ४जीच्या जाळ्यात जुन्या पद्धतीची आवाजाची वेगळी वाट नाहीच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा खुली झाली तेव्हा तिच्याकडे २जी-३जी जाळेच नव्हते, त्यामुळे प्रत्येक कॉल व्होल्टीवरून, म्हणजे पॅकेटांच्या रूपातच, नेणे तिला भाग होते.

पण पॅकेट असले तरी सगळी पॅकेटे एका पिशवीत पडत नाहीत. हे टपाल खात्यातल्या माणसाला मी काय सांगावे! फोन सुरू होताच दोन जोडण्या करतो. एक इंटरनेटसाठी, दुसरी आयएमएस नावाच्या, फक्त कंपनीच्या आत राहणाऱ्या जाळ्यासाठी. या दुसऱ्या जोडणीतील वाहतूक डेटा पॅकच्या खात्यात धरली जात नाही. कॉलचा हिशेब टेलिफोनीचा सर्व्हर स्वतंत्रपणे, मिनिटांच्या किंवा अमर्याद कॉलच्या पॅकमधून करतो. म्हणून डेटा शून्य झाला तरी आवाजाची वाट उघडीच असते.

आपण नंबर फिरवल्यावर पुढच्या काही क्षणांत जे घडते ते मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणे वाटते. फोनने पाठवलेली कॉलची विनंती आयएमएसच्या दारावरचा सर्व्हर वाचतो. कोणता कोडेक (आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची पद्धत), कोणता पत्ता, त्या पत्त्यावरचे कोणते दार (पोर्ट), हे सगळे त्या विनंतीत असते. तो ही माहिती आरएक्स नावाच्या मार्गाने पीसीआरएफला देतो : या दोन पत्त्यांमध्ये आता संभाषण होणार आहे, जागा करून द्या. पीसीआरएफ लगेच गेटवेला नियम धाडतो, गेटवे पुढच्या यंत्रांना सांगतो, आणि टॉवरपासून गेटवेपर्यंत केवळ त्या एका संभाषणासाठी राखीव मार्गिका तयार होते. समोरच्याचा फोन वाजतो तेव्हा ती सहसा तयार झालेलीच असते. आपण फोन ठेवला की त्याच क्रमाने ती मोडली जाते.

या मार्गिकेवर वर्गाचा शिक्का असतो. संभाषणाच्या आवाजाचा वर्ग १, सामान्य इंटरनेटचा ९. वर्ग १ ला विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद, वर्ग ९ ला ३००. गळतीत मात्र उलटे आहे : आवाजात शंभरात एक पॅकेट गळाले तरी चालते, इंटरनेटच्या वर्गात दहा लाखांत एकापेक्षा जास्त गळू नये अशी अपेक्षा. बोलताना एखादे अक्षर पुसट झाले तरी कान ते भरून काढतो, पण उत्तर अर्धा सेकंद उशिरा आले तर दोघेही एकदम बोलू लागतात. फाइलचे उलट असते. तार लवकर पोचली पाहिजे, एखादे अक्षर इकडेतिकडे झाले तरी अर्थ लागतो. मनीऑर्डरीत मात्र एक शून्यही चुकून चालत नाही. हाच न्याय इथे लावला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला यातले काही मिळत नाही. कंपनीच्या दृष्टीने तो साधा इंटरनेट डेटा, वर्ग ९. त्यामुळे कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला की, मागे एखादे अ‍ॅप काही उतरवून घेत असेल तर, तो कॉल त्या अ‍ॅपशी एकाच अरुंद बोळात धक्काबुक्की करत राहतो.

प्रश्न : मध्यंतरी एका दिवशी आमच्या भागात रिचार्ज होत नव्हते, शिल्लकही दिसत नव्हती, पण नेट तीन तास चालू राहिले आणि कोणाचाच डेटा कापला गेला नाही. कंपनीची मेहेरबानी की चूक?
— एक दुकानदार, वसई

उत्तर : मेहेरबानीही नाही आणि चूकही नाही, आधीच ठरवून ठेवलेला निर्णय आहे. गेटवे दर थोड्या वेळाने, मूळ मानकाप्रमाणे ३० सेकंदांनी, शांत पडलेल्या सर्व्हरला ‘जागा आहेस का’ असे विचारत असतो. ओसीएसकडून उत्तर आले नाही तर, मानकात सुचवलेली मुदत १० सेकंद, तो दुसऱ्या सर्व्हरकडे वळतो. तोही गप्प असेल तर काय करायचे, याचे तीन पर्याय आहेत : सत्र तोडणे, सत्र चालू ठेवणे, किंवा दुसरीकडे प्रयत्न करून मग तोडणे. कंपनीने दुसरा पर्याय निवडला असेल, तर गेटवे ग्राहकाला अडवत नाही, फक्त वापराच्या नोंदी लिहून ठेवतो. त्या नोंदींवरून नंतर वसुली करायची की पाणी सोडायचे, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. लाखो ग्राहकांचे नेट एकाच वेळी तोडले, तर ते सगळे पुन्हा पुन्हा जोडणी मागत राहतील आणि उठू पाहणारा सर्व्हर परत कोसळेल. त्यापेक्षा तीन तासांचे बुडित परवडते. वसूल करायचे असेल तर मात्र ग्राहकाला स्पष्ट कळवून करावे.

प्रश्न : एखादे अ‍ॅप फुकट आणि दुसऱ्याला पैसे, असे कंपनी करू शकते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : यंत्र करू शकते, कंपनी करू शकत नाही. वर रेटिंग ग्रुपचा उल्लेख आला आहे; गेटवे वाहतूक ओळखून प्रत्येक प्रकार वेगळ्या ग्रुपमध्ये टाकू शकतो आणि एखाद्या ग्रुपचा दर शून्य ठेवणे हे ओसीएसमधल्या एका ओळीचे काम आहे. पण दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेल्या नियमावलीने मजकुराच्या आधारे डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास भारतात मनाई केली. पॅकबरोबर एखाद्या मनोरंजन सेवेचे सदस्यत्व मिळते, ते वेगळे. तिथे सदस्यत्व भेट असते, ते पाहायला लागणारा डेटा आपल्याच कोट्यातून जातो.

प्रश्न : दुबईत भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक वापरतो. मर्यादा संपताच त्याच मिनिटाला नेट थांबते. इथल्या कंपनीकडून भारतात हिशेब इतक्या लवकर कसा जातो?
— एक वाचक, दुबई

उत्तर : तो जावाच लागत नाही. रोमिंगमध्ये टॉवर दुबईचा असला, तरी आपली पॅकेटे प्रचलित पद्धतीनुसार भारतातील गेटवेपर्यंत आणून मग इंटरनेटवर सोडली जातात. त्यामुळे उचल देणारा ओसीएस आणि घेणारा गेटवे, दोघेही आपल्याच कंपनीचे. परदेशात असूनही काही संकेतस्थळे आपल्याला भारतात समजतात, त्याचेही कारण हेच. दोन कंपन्यांमधला घाऊक हिशेब नंतर सावकाश होतो. त्याची झळ आपल्याला पोचत नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचारच्या शेवटच्या वर्षाला आहे. ५जी आल्यावर डायमीटर शिकण्यात अर्थ आहे का? आणि ट्रेस वाचायला सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आधी नावाची गंमत. वर सांगितलेले सगळे संदेश ज्या भाषेत जातात ती डायमीटर, म्हणजे व्यास. तिच्या आधीची भाषा होती रेडियस, म्हणजे त्रिज्या. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, हा नाव ठेवणाऱ्यांचा विनोद. डायमीटर २००३ मध्ये प्रमाणित झाली, २०१२ मध्ये सुधारली गेली. तिच्यावर आधारित पत-नियंत्रणाची, म्हणजे उचल देण्याघेण्याची, पद्धत २००५ ची, सुधारित आवृत्ती २०१९ ची. ३जीपीपीने धोरण आणि आकारणी एका आराखड्यात बांधली ती रिलीज ७ मध्ये.

५जीच्या स्वतंत्र गाभ्यात, म्हणजे ४जीवर न टेकलेल्या मुख्य यंत्रणेत, पीसीआरएफची जागा पीसीएफने घेतली, ओसीएसची जागा सीएचएफने, आणि गेटवेचे नियंत्रण एसएमएफकडे गेले. भाषा बदलून वेबवरची एचटीटीपी-२ आणि जेसन आली, त्यामुळे संदेश आता डोळ्यांनी वाचता येतात. पण उचल तीच, अहवाल तोच, शेवटची उचल असल्याची खूण तीच. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सुरू झाले तेव्हा जिओने स्वतंत्र गाभा घेतला आणि एअरटेलने आपल्या ४जी गाभ्यावरच ५जीचे टॉवर जोडले. अशा जोड-पद्धतीत हिशेब डायमीटरनेच होतो. तेव्हा शिकण्यात निश्चित अर्थ आहे.

ट्रेस, म्हणजे संदेशांची टिपून ठेवलेली नोंद, उघडल्यावर पहिली गफलत सगळ्यांचीच होते : जीएक्स आणि जीवाय या दोन्ही मार्गांवर संदेशाचे नाव एकच, सीसीआर (पत-नियंत्रणाची विनंती), आणि त्याचा क्रमांकही एकच, २७२. फरक अ‍ॅप्लिकेशन आयडीत असतो. जीवायला ४, जीएक्सला १६७७७२३८. तो पाहून आधी दोन ढीग वेगळे करा. एकाच फोनचे दोन्ही मार्गांवरचे सेशन आयडी वेगवेगळे असतात, त्यामुळे जुळवणी ग्राहकाच्या आयएमएसआयवरून (सिमच्या ओळख क्रमांकावरून) आणि आयपी पत्त्यावरून करावी लागते. मग एकेका सेशनमधला विनंती क्रमांक पाहा. पहिल्या संदेशाला ०, पुढे १, २, ३. मध्येच ७ नंतर ९ आला, तर ८ कुठे गेला ते शोधा. तो वाटेत हरवला असेल किंवा दुसऱ्या सर्व्हरकडे गेला असेल. माझ्या पाहण्यातील ‘डेटा दोनदा कापला’ या प्रकारच्या तक्रारींपैकी कितीतरी या एका हरवलेल्या क्रमांकापाशी येऊन थांबल्या : गेटवेने उत्तर न आल्यामुळे तोच अहवाल पुन्हा पाठवला होता, आणि ओसीएसने पुनःप्रेषणाची खूण न पाहता तो दोन वेळा वजा केला होता.